छत गळतंय म्हणून लगेच टिनं आणू नका: आधी काय तपासायचं आणि दुरुस्ती की नवीन ते कसं ठरवायचं

दरवर्षी मे संपत आला की आमच्याकडं एकच धावपळ सुरू होते. रोहिण्या लागल्या, आभाळ भरून आलं की मग आठवतं, मागच्या झडीत सैपाकघर गळत होतं. मग तालुक्याला जाऊन टिनं आणायची, जो मिस्त्री मोकळा सापडेल तो धरायचा आणि दोन दिवसांत काम उरकून टाकायचं. जुलैत पुन्हा त्याच जागी बादली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या काळ्या मातीच्या गावात हे मी इतक्या घरी पाहिलंय, आणि स्वतःच्या घरीही भोगलंय, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

चूक होते ती अशी की लोक फक्त पांघरूण बघतात. कवेलू (मातीची कौलं), टिन, कोबा (स्लॅबवरचा सिमेंट-मसाल्याचा थर) हे झालं पांघरूण. मयाल (भिंतींवर टेकलेलं जाड आडवं लाकूड), फाटे (आढ्यापासून उतारानं खाली येणारी लाकडं), लोखंडी पाईप, स्लॅबमधली सळई आणि भिंती हा सांगाडा. पांघरूण खराब असेल तर दुरुस्ती, सांगाडा गेला असेल तर बदल, एवढाच माझा नियम आहे. कितीतरी लोक मेलेल्या सांगाड्यावर नवी टिनं ठोकतात, आणि कितीतरी लोक चांगला सागाचा सांगाडा मोडून विकून टाकतात, का तर चार कवेलू फुटले होते.

## १. कधी बघायचं आणि काय सोबत घ्यायचं

तपासणी दोनदा करायची असते हे पहिलं लक्षात घ्या. एकदा पावसाळ्यात, आतून, पाणी गळत असताना. दुसऱ्यांदा कोरड्या दिवसांत, वर चढून. पावसाळ्यातली नोंद नसेल तर उन्हाळ्यात वर चढून तुम्ही नुसता अंदाज लावत बसता. वरची तपासणी मार्चमध्ये करा, हरभरा-गहू निघाला की. तेव्हा मिस्त्री, सुतार, वेल्डर मोकळे असतात, आणि सांगाडा बदलायची वेळ आलीच तर हातात दोन-अडीच महिने राहतात. मे महिन्यात तपासलं तर जे दोन दिवसांत होतं तेच काम तुम्ही निवडाल, जे करायला पाहिजे ते नाही.

सामान फार लागत नाही. बॅटरी, खडू, वही, टेप, छोटी हातोडी, सुताराची पटाशी किंवा जाड पेचकस, २० फूट पक्की दोरी, करंट बघायचा टेस्टर, मोबाईल. शिडी मात्र चांगली पाहिजे. टेकवताना जेवढी उंची त्याच्या साधारण चौथा हिस्सा पाय भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे १२ फुटांवर टेकवली तर खाली ३ फूट अंतर. आणि शिडी वळचणीच्या वर हात-दोन हात निघालेली असू द्या, उतरताना धरायला तेच लागतं.

सावधान: टिनाला हात लावायच्या आधी टेस्टर लावून बघा. पोलवरून येणारी वायर बऱ्याच घरी टिनाच्या काठावरूनच मीटरकडं गेलेली असते, वरचं रबर उन्हानं उललेलं असतं आणि पूर्ण टिनात करंट उतरतो. मेन स्विच बंद केला की झालं असं समजू नका, कारण पोल ते मीटर वायर चालूच राहते. टेस्टर लागला की खाली उतरा आणि लाईनमनला बोलवा.

एकट्यानं चढू नका. सकाळी ९ च्या आत उतरायचं असं ठरवून चढा, कारण एप्रिलच्या उन्हात टिनावर हात ठेवता येत नाही आणि माणूस घाईत पाय चुकवतो. कवेलूखाली विंचू असतात, उघड्या बोटांनी कवेलू उचलू नका.

## २. आतून नकाशा काढा

खोलीचा साधा चौकोन वहीत काढा, दारं-खिडक्या दाखवा आणि पावसात जिथं जिथं थेंब पडतो तिथं आकडा टाका. शेजारी लिहा, पाऊस कसा होता आणि सुरू झाल्यावर किती वेळानं गळायला लागलं. हे लिहिणं लोकांना फालतू वाटतं, पण अर्धं निदान इथंच होतं.

पाऊस सुरू होताच पाच मिनिटांत धार लागली तर सरळ भोक आहे, फुटका कवेलू किंवा टिनाचं छिद्र. फक्त वावधनासोबतच्या तिरप्या पावसात गळत असेल, सरळ पावसात नाही, तर जोडातून किंवा आढ्याच्या (छताच्या सगळ्यात वरच्या कण्याच्या) टोपीखालून पाणी आत ढकललं जातंय. आणि एक-दोन दिवस झड लागल्यावर हळूहळू ओल उतरत असेल, पाऊस थांबल्यावरही थेंब सुरूच असतील, तर पाणी कुठंतरी साचून मुरतंय, हे बहुतेक स्लॅबचं दुखणं. हिवाळ्यात पाऊस नसताना पहाटे टिनातून थेंब पडतात ती गळती नाहीच. आतली वाफ गार टिनाला लागून पाणी होते. तिथं डांबर फासून काही होत नाही, वाफ बाहेर जायला वर जागा करावी लागते.

थेंब जिथं पडतो तिथं वर भोक असतंच असं नाही, हे तर मी पन्नासदा सांगतो. आमच्या काकूच्या घरी चुलीच्या बरोबर वर गळायचं. तीन वर्षं तिथंच डांबरी पट्टी चिकटवत होते. काकू म्हणायची, "अरे पट्टीवर पट्टी लावून राह्यले, तरी माह्या तव्यात पानी पडूनच राह्यलं." शेवटी बॅटरी घेऊन फाट्यावरची ओल बघत बघत वर गेलो, तर पाणी आढ्याजवळ टोपीच्या जोडातून शिरत होतं, फाट्याच्या खालच्या अंगानं सहा-सात फूट घरंगळत येत होतं आणि फाट्याला एक गाठ होती तिथं अडून खाली टपकत होतं. फाट्यावर काळी रेघ स्पष्ट दिसत होती, वर मान करून कोणी बघितलंच नव्हतं.

उन्हाळ्यात भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करा. टिनाला जिथं सुईएवढा उजेड दिसेल तिथं आतून खडूनं गोल करा. कवेलूत फटीतून थोडा उजेड येतोच, तो सगळाच वाईट नसतो, आकाश सरळ दिसलं तर खूण करा.

तपासून बघा: वहीतला आकडा आणि खडूची खूण यांचं नातं लागतंय का? एखाद्या थेंबाला वर काहीच सापडत नसेल तर उताराच्या वरच्या बाजूला शोधा, खालच्या कधीच नाही.

## ३. सांगाडा: इथं घाई करू नका

लाकूड. मयाल मधोमध क्वचित सडतो, सडतो तो भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण तिथं ओल राहते आणि उधई (वाळवी) तिथूनच चढते. म्हणून पटाशी तिथं लावा. आमच्या जुन्या घराचा मयाल मधे हातोडी मारली तर खणखणीत वाजायचा, वडील म्हणायचे शंभर वर्षं काही होत नाही. भिंतीजवळ पटाशी टेकवून नुसतं दाबलं तर दोन इंच आत गेली आणि बाहेर ओला पिवळा भुसा आला. दुसरं टोक मात्र धड होतं. तिथं पूर्ण मयाल न बदलता टोकापासून फूटभर आत, जिथं लाकूड कडक होतं तिथं, खालून विटांचा खांब उभा केला. खांबाला आधी खाली पक्की बैठक दिली, नाहीतर काळ्या मातीत तो पहिल्याच वर्षी खचला असता.

भिंतीवर उधईची मातीची नळी दिसली तर बोटानं दोन इंच मोडून ठेवा आणि आठवड्यानं बघा. परत बांधली असेल तर उधई जिवंत आहे, आधी औषध, मग लाकडाचं काम. उलटं केलं तर नवीन लाकूड तिला खाऊ घालता.

आढं वाकलंय का ते अंगणातून दूर उभं राहून बघा. घराच्या पाठीला झोळ आला असेल तर वरचं कितीही नीट केलं तरी पाणी त्या झोळातच येणार.

लोखंडी पाईप. जिथं वेल्डिंग केलंय आणि जिथं पाईप भिंतीत शिरतो, त्या दोन जागा बघा. हातोडीनं हलकं ठोका, खपल्या पडून आत भोक दिसलं तर तो पाईप गेला. नुसता वरवरचा गंज घासून रंग मारला की चालतो. आणि पाईप भिंतीला नीट पकडून आहे का ते हलवून बघा. आमच्याकडं वादळात टिन फाटत नाही सहसा, टिनं पाईपसकट उचलून शेजारच्या वावरात जातात, कारण पाईप भिंतीवर नुसता ठेवलेला असतो, वरून दोन विटा.

स्लॅब. खालून हातोडीनं हळूहळू ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक, पोकळ आवाज म्हणजे बहुतेक आतली सळई गंजून फुगली आहे आणि खालचा थर सुटलाय. पोकळ जागा खडूनं रंगवत जा, शेवटी एकूण किती जागा झाली ते दिसतं. सळई उघडी पडली असेल तर खरवडून, चकाकतं लोखंड दिसेपर्यंत साफ करून जाडी मोजा. ८ मिलिमीटरची सळई साडेसहावर आली असेल तर दिसायला फरक थोडा, पण ताकदीचा एक तृतीयांश हिस्सा गेलेला असतो. एखादी सळई तशी असेल तर शेजारी नवीन जोडता येते, ओळीनं सगळ्याच तशा असतील तर स्लॅबचं आयुष्य संपत आलं.

मग दोरी. समोरासमोरच्या भिंतींवर छताला अगदी चिकटून दोन खिळे मारा, दोरी गच्च ताणा. स्लॅब वाकला असेल तर दोरी मधे छताला दाबली जाते, म्हणून दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे लाकडी तुकडे ठेवून दोरी खाली घ्या आणि मधे अंतर किती कमी भरतं ते मोजा. १२ फुटांच्या गाळ्याला (दोन भिंतींमधल्या अंतराला) १५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर काळजी. कधीकधी मुळात सेंट्रिंगच (स्लॅब टाकताना खालून दिलेला आधार) ढिलं होतं आणि स्लॅब टाकतानाच पोट आलेलं असतं, म्हणून तारीख टाकून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढला तर स्वतः काही ठरवू नका, खाली टेकू लावा, ती खोली वापरणं बंद करा आणि तालुक्याच्या सिव्हिल इंजिनिअरला आणून दाखवा. त्याची फी कोणत्याही कोब्यापेक्षा कमीच पडते.

भिंती. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा उथळ पाया वर-खाली होतो आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा वर छताकडं जातात. अशी भेग असेल तर छताची भेग बुजवून उपयोग नाही, पुढच्या मेमध्ये ती पुन्हा उघडणार. भेगेवर सिमेंटचा छोटा ठिपका देऊन तारीख लिहा, तडकला तर हालचाल चालू आहे. अशा घरात आधी वळचणीचं पाणी पायापासून दूर काढा, घराभोवती तीन-चार फुटांची बाहेरच्या उताराची पक्की पट्टी घाला. निम्म्या घरांची हालचाल एवढ्यानंच कमी होते असा माझा अनुभव आहे. भंडारा-गोंदियाकडं मातीचा हा त्रास एवढा नाही, तिकडं पाऊसच जास्त, त्यामुळं लाकडाची टोकं आणि उधई यावर तिकडच्यांनी जास्त वेळ द्यावा.

तपासून बघा: सांगाड्याच्या प्रत्येक भागापुढं वहीत तीनपैकी एक शब्द लिहा. धड, जोडता येईल, गेला. हे लिहिल्याशिवाय वर चढू नका.

## ४. आता वर चढा

कवेलूवर पाय ठेवायचा तर फाट्याच्या रेषेत, शक्यतो आडवी फळी टाकून. टिनावर स्क्रूच्या रांगेवरच चाला, खाली पाईप तिथंच असतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवूच नका, तो दिसायला दणकट पण जुना झाला की पापडासारखा मोडतो, जायचंच असेल तर दोन पाईपांवर टेकेल एवढी लांब फळी टाकून. या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून घासायचं नाही, कापायचं नाही, काढायचाच असेल तर ओला करून, तोंडाला चांगला मास्क बांधून, अख्खा उतरवायचा. तुकडे अंगणात पसरू देऊ नका.

कवेलूत बघायचं ते फुटके, सरकलेले आणि शेवाळलेले. फुटका दिसतो, सरकलेला दिसत नाही, आणि गळतो बहुतेक सरकलेलाच. वांदरांचा कळप रोज घरावरून जात असेल तर पूर्ण पाख्यावर (छताच्या उतरत्या बाजूवर) एकेक ओळ नजरेनं तपासा. कवेलूच्या नळीत पाखरांनी काड्या भरल्या असतील तर पाणी तिथं अडून बाजूला उतरतं, त्या काढा.

टिनात आधी स्क्रू बघा. रबरी वायसर उन्हानं कडक होऊन चिरतो, आमच्याकडच्या ४५-४६ डिग्रीत तो लवकर मरतो, टिन बिचारं धड असतं. स्क्रू लाटेच्या खोलगट भागात मारला असेल तर तो गळणारच, पाणी तिथूनच वाहतं. गंज कुठं आहे तेही बघा, फक्त जोडाजवळ आणि काठाला असेल तर वेगळी गोष्ट, पूर्ण पत्रा खडबडीत झाला असेल तर वेगळी. टिनावर दगड, विटा, जुने टायर ठेवलेले असतील तर त्यांच्याखाली हमखास गंज सापडतो. आणि हे दगड वादळात खाली येतात, अंगणात लेकरं असतात, तेव्हा ते आजच्या आज काढा, टिन धरायचं काम स्क्रूचं आहे.

स्लॅबवर पाणी साचल्याचे डाग बघा, धूळ वाळून गोल रेघा उमटतात. पाणी उतरायच्या पाईपाची तोंडं, आणि पॅरापेट (काठाची बुटकी भिंत) जिथं स्लॅबला मिळतो तो कोपरा, गळतीची सगळ्यात मोठी जागा हीच. दिवसा तापून फुगणं आणि रात्री आकसणं यानं तिथं भेग पडते. तुराट्या, पऱ्हाट्या, कुटाराची पोती स्लॅबवर रचली असतील तर बाजूला करून बघा, खाली वर्षानुवर्षं ओल धरलेली असते.

## ५. दुरुस्ती की नवीन

वहीत आता दोन बाजू आहेत, सांगाड्याची आणि पांघरुणाची. त्यावरून मी असं ठरवतो.

सांगाडा धड आणि पांघरुणाचा चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग खराब: दुरुस्ती, दुसरा विचार नको. सांगाडा धड पण पांघरूण अर्ध्याच्या वर खराब: पांघरूण बदला, सांगाडा ठेवा. सांगाडा 'जोडता येईल' असा, आणि जोडायच्या जागा तीन-चारच: आधी त्या जोडा, मग पांघरूण. सांगाडा बहुतांश 'गेला': त्यावर एक रुपयाही घालू नका, ताडपत्री बांधून यंदाचा पावसाळा काढा आणि नवीनची तयारी करा. पण स्लॅबची किंवा मोठ्या मयालाची ताकद गेली असेल तर ताडपत्रीवर भागत नाही, ती खोली रिकामीच करायची.

कवेलूच्या घराबाबत माझं मत स्पष्ट आहे. सागाचा सांगाडा धड असेल तर टिनासाठी तो मोडू नका. उन्हाळ्यात कवेलूखाली माणूस दुपारी झोपू शकतो, टिनाखाली नाही. देशी कवेलू मिळत नाहीत ही अडचण खरी, पण गावात घरकुलासाठी जुनी घरं पाडली जातात, तिथले शे-दोनशे कवेलू आणून रचून ठेवा. फक्त वांदरांचा फारच त्रास असेल तर मंगलोरी कवेलूचा विचार करा, पण ते देशीसारखे नुसत्या कमच्यांवर (बांबूच्या पट्ट्यांवर) बसत नाहीत, सरळ रिपा (लाकडी पट्ट्या) लागतात, तो खर्च धरा.

स्लॅबबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे थरावर थर. आमच्या मागच्या खोलीचा स्लॅब तिसऱ्यांदा गळला तेव्हा ठेकेदारानं जुन्या कोब्यावरच दोन इंच नवीन थर टाकून दिला. मी तेव्हा विचारलं नाही. नंतर हिशोब केला, १०० चौरस फुटांवर १ इंच मसाला म्हणजे साधारण ५ क्विंटल वजन. आमची खोली १२ बाय १२, म्हणजे जवळपास १४ क्विंटल त्या थकलेल्या स्लॅबवर आम्ही पैसे देऊन चढवले. पोळ्याच्या आसपास एका रात्री छताचा परातीएवढा खपला पडला, आईच्या पलंगापासून हातभर. म्हणून सांगतो, नवीन थर टाकायचा तर जुना सुटलेला कोबा आधी काढायचा. पाण्याचंही वजन असतं, १ इंच साचलेलं पाणी १०० चौरस फुटांवर २३६ लिटर होतं. आणि हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती खोलीच्या मधोमध नाही, भिंतीवर येईल अशी ठेवा.

पैशाची तुलना करताना फक्त सामान धरू नका. जुनं काढायची मजुरी, वाहतूक, तेवढे दिवस माणसं आणि धान्य कुठं ठेवायचं, आणि काढलेल्या लाकूड-लोखंडाचे मिळणारे पैसे, हे सगळं दोन्ही बाजूंना लिहा. आणि मोठा खर्च करायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन घरकुल यादीत आपलं नाव आहे का ते विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागाला १ लाख ३० हजार असं मूळ अनुदान आहे, शिवाय रोजगार हमीची मजुरी वेगळी. नंबर जवळ आला असेल तर जुन्या छतावर तात्पुरतीच डागडुजी करा.

सावधान: छत वादळानं गेलं असेल तर तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत मलबा उचलू नका. जीवाला धोका असेल तेवढंच बाजूला करा, तेही चारही बाजूंनी फोटो काढून.

## ६. कामाचा क्रम

क्रम नेहमी खालून वर: पाया-भिंत, सांगाडा, मग पांघरूण, आणि शेवटी आतला गिलावा-रंग. लोक आतला रंग आधी करून घेतात, घरी कार्य असतं म्हणून. ओल बंद होऊन भिंत वाळल्याशिवाय रंग टिकत नाही.

कवेलू फेरताना एका वेळी एकच पाखं उघडा, आणि तेवढंच की संध्याकाळपर्यंत झाकून होईल. काढलेला प्रत्येक कवेलू बोटानं वाजवून बघा, भद्द वाजला की बाजूला. खाली वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडं चढायचं.

टिन टाकताना आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो हे डोक्यात ठेवा. पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करा आणि पश्चिमेकडं सरका, म्हणजे नंतरच्या टिनाचा काठ वाऱ्याकडं उघडा राहत नाही. बाजूचा जोड किमान दीड लाट, वर-खालचा जोड किमान ६ इंच, उतार कमी असेल तर जास्त. स्क्रू लाटेच्या माथ्यावर, इतकाच आवळायचा की वायसर बसेल, चेपणार नाही. चारही काठांना आणि आढ्याला स्क्रू जवळजवळ मारा, वारा तिथूनच उचलतो. वळचण भिंतीबाहेर फूटभराच्या पुढं काढू नका. पाईप भिंतीत रोवलेल्या लोखंडाला पकडा, आणि तेही फक्त वरच्या दोन थरांत नाही, चांगलं खोलवर.

सावधान: वेल्डिंग करायच्या आधी घरातला कापूस, कुटार, पऱ्हाट्या बाहेर काढा. ठिणगी कापसात गेली तर लगेच दिसत नाही, आत धुमसत राहते. काम संपल्यावर दोन तास कोणीतरी तिथं थांबा.

स्लॅबची दुरुस्ती खालून आणि वरून दोन्हीकडून असते. खाली सुटलेला भाग काढून सळई घासून गंजरोधक रंग, मग दुरुस्तीचा पॉलिमर मसाला, साधा सिमेंट-रेतीचा नाही, तो जुन्याला धरत नाही. वर उतार असा की १० फुटांत सव्वा इंच तरी उतरला पाहिजे, कोपऱ्यांना गोलाई, आणि चार इंचाचे दोन पाईप, एक तुंबला तर दुसरा. मेच्या उन्हात गोणपाट ओले ठेवून किमान सात दिवस पाणी मारा, एप्रिल-मेमध्ये केलेले कोबे फुटतात ते बहुतेक इथंच. वरून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग मारला तर तापणं कमी होतं.

## ७. पैसे द्यायच्या आधी

टिन आणि कवेलूवर पाईपनं पाणी सोडून बघा, आधी वळचणीकडं, मग दहा-पंधरा मिनिटांनी थोडं वर, असं आढ्यापर्यंत. आत एक माणूस वही घेऊन. सुरुवातच वरून केली तर कुठून गळलं ते कळत नाही. स्लॅबवर पाईपांची तोंडं बंद करून इंचभर पाणी २४ तास उभं करा, पण फक्त तेव्हाच, जेव्हा तिसऱ्या टप्प्यात स्लॅब 'धड' निघाला होता. नसेल तर हे करू नका.

मिस्त्रीशी सुरुवातीलाच बोलून ठेवा की दहा टक्के पैसे पहिल्या झडीनंतर. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. आणि ती झड लागली की जुनी वही काढा, त्याच नकाशावर प्रत्येक आकड्याच्या खाली उभं राहून हात वर करून छताला, फाट्याला लावून बघा. कोरडं असेल तर तारीख टाका. एखादा आकडा ओला निघाला तर नवीन पान घ्या, पाऊस कसा आहे आणि किती वेळानं गळलं ते आधी लिहा, मगच मिस्त्रीला फोन करा.